पूजेत नसलेला पाना

१

शालूबाईच्या वावरात विमान पडलं नव्हतं, उतरलं होतं. हा फरक तिनं गावातल्या, परगावच्या, कॅमेरेवाल्या आणि बिनकॅमेऱ्याच्या प्रत्येक माणसाला सांगितला होता, आणि सांगून सांगून तिचा घसा बसला होता. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धम्मशीला इंगळे तिथं पोचली, तेव्हा बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"पडलं म्हनू नका मॅडम. पडलं असतं तं माही सोयाबीनची सुडी राह्यली असती का? अन् मी तरी राह्यली असती का? त्या बाईनं उतरवलं ते. आधी वरून फुलं आली, अन् मंग ते आलं. म्या तं हातच जोडले."

धम्मशीला विमान अपघातांचा तपास करणारी अधिकारी. नोकरी दिल्लीत, जन्म मोताळ्याचा. मोडलेली विमानं तिनं पुष्कळ पाहिली होती. जळलेली, चिखलात रुतलेली, एक तर झाडावर अडकलेलं. पण सोंगून, कापलेल्या पिकाची सुडी रचून झालेल्या वावरात, झेंडूच्या पाकळ्यांच्या सड्यात बसलेलं विमान ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. पुढचं चाक मोडून विमानानं नाक मातीत टेकलं होतं, एक पंख दुमडला होता. पुढच्या पंख्यावर खंडेनवमीच्या पूजेचं स्वस्तिक तसंच होतं. गावातल्या बायांनी रातोरात चाकाशी हळदकुंकूही वाहिलं होतं. दोन माणसं आत होती आणि दोन्ही जिवंत होती. खोटं कशाला बोला, धम्मशीलाच्या अंगावर काटा आला.

मग तिनं बाह्या वर केल्या. विमान चिखलीजवळच्या एका छोट्या धावपट्टीवरचं, तिथल्या वैमानिक प्रशिक्षण शाळेचं. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून देऊळगाव राजाच्या यात्रेवर फुलं टाकायला निघालं होतं. वर चढता चढताच त्याचा दांडा अडकला. हा दांडा पुढे ढकलला की शेपटीची आडवी फळी हलते आणि विमान नाक खाली करतं. दांडा अडकला, म्हणजे गाडं शेपटीतच कुठंतरी अडलेलं असणार.

तिनं शेपटीचं झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपलं. बोटांना लोखंड लागलं. हलवून, फिरवून तिनं ते बाहेर काढलं.

दुतोंडी पाना होता. बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो तसला.

बाजूला उभे असलेले ठाणेदार पुढे झाले. "विसरला असेल मेकॅनिक."

धम्मशीलानं पाना उलटासुलटा करून पाहिला. विमानशाळेच्या प्रत्येक हत्यारावर नंबर कोरलेला असतो. या पान्यावर काहीच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "हा पाना या विमानाच्या घरचा नाही."

२

धावपट्टीवरच्या शेडमध्ये शिरल्यावर डावीकडे भिंतभर एक फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगात काढलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. पाना असो, पक्कड असो, पेचकस असो, जागेवर नसला तर पिवळी आकृती उघडी पडते, आणि ती उघडी असेपर्यंत विमान शेडबाहेर काढायचं नाही. हा नियम तुळशीराम खरात यांचा. इथले मुख्य इंजिनिअर, सगळे त्यांना काका म्हणत. चाळीस वर्षं विमानांत हात घालून त्यांची नखं कायमची काळी झाली होती.

"पाहून घ्या मॅडम. एक वस्तू कमी असंन तं मले फाशी द्या," काका म्हणाले.

फळा भरलेला होता. प्रत्येक हत्यार लख्ख धुतलेलं, त्यावर हळदकुंकवाचं बोट. खंडेनवमीला इथं सगळी हत्यारं उतरवून, धुऊन, पाटावर मांडून पुजतात आणि दसऱ्याला सकाळीच उचलतात. एका हत्याराला म्हणून कुंकू चुकलेलं नव्हतं. शेडमधली जीप, पेट्रोलची टाकी, आग विझवायचा लाल बंब, इतकंच काय, कोपऱ्यातलं चहाचं मशीनही वाळक्या झेंडूचा हार घालून बसलं होतं. धम्मशीलाला हसू आलं. तिच्या घरी हत्यारं पुजत नसत. दसऱ्याला आई पांढरी साडी नेसून विहारात जायची. पण शेजारपाजारच्या अंगणांतली ही लगबग बघतच ती मोठी झाली होती. लहानपणी तिला वाटायचं, वर्षातून एक दिवस लोखंडालाही सुट्टी असते.

"शेपटीचं झाकण कोणी लावलं?" तिनं विचारलं.

"म्याच लावलं. नवमीच्या संध्याकाळी. टॉर्च मारून पाह्यलं, आतमंदी काहीच नव्हतं. लेकराची आन घेऊन सांगतो."

"आणि आतलं काम?"

"काम पुरं झालं होतं," काका म्हणाले आणि फळ्याकडे पाहू लागले.

ठाणेदारांना एवढं पुरे होतं. "बघा मॅडम, शेडचं एकही हत्यार कमी नाही. म्हणजे पाना कोणीतरी बाहेरून आणून मुद्दाम टाकला. आणि कोणी टाकला तेही आम्हाला कळलंय." त्यांनी फोन खिशात ठेवला. "राखी शेळके. इथली तंत्रज्ञ. नवमीला मॅनेजरशी भांडून गेली. जाताना काय म्हणाली माहितीये? 'उडवा मग, अन् पाहा काय होते ते.' तेव्हापासून फोन बंद. आत्ताच माहेरच्या गावात सापडली. संध्याकाळी तिला रीतसर अटक करतो. दोघींना मारायचा प्रयत्न, लहान गुन्हा नाही हा."

३

धम्मशीला आधी चिखलीच्या दवाखान्यात गेली. योगिनी डोंगरे, विमान चालवणारी, पलंगावर बसून डाव्या हातानं पोहे खात होती. उजवा गळ्यात बांधलेला. शेजारच्या पलंगावर तिची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी गाढ झोपली होती.

"काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा," धम्मशीला म्हणाली.

योगिनीनं चमचा ठेवला. "चढत होतो. फुलं टाकायची म्हणून हिनं खिडकी उघडली होती. दांडा पुढे केला, जाईना. नाक वरच वर. असंच चढत राहिलं तर विमान थांबतं आणि खाली येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग मी दोन्ही हातांनी दांडा धरला, दोन्ही पाय खाली रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हिसडा मारला. एकदा, दोनदा, तीनदा. आतून 'खट्' झालं आणि दांडा मधे येऊन बसला. तिथून मात्र इकडे नाही की तिकडे नाही."

"मग उतरवलं कसं?"

"इंजिननं. जोर वाढवला की नाक वर, कमी केला की खाली. माझ्या हातात तेवढंच होतं." तिनं पुन्हा चमचा उचलला. "भीती नंतर वाटली मॅडम. त्या वेळी आत पाकळ्याच पाकळ्या उडत होत्या, आणि मी मनात एकच म्हणत होते, ही सुडी नको, ही सुडी नको."

धम्मशीला अधूनमधून नव्या वैमानिकांच्या वर्गात हेच शिकवायची. पण पुस्तकात दोन ओळींत लिहिलेली गोष्ट करून दाखवलेली बाई समोर पोहे खात बसली होती. तिनं पोह्यांची बशी उचलून योगिनीच्या जवळ सरकवली, एवढंच.

"एक सांगा, राखी असं करेल?"

योगिनीनं नकारार्थी मान हलवली. "राखी मला विमानात बसूच देत नाही, जोवर स्वतःचं समाधान होत नाही. कितीदा भांडलोय आम्ही त्यावरून."

"समाधान झालं नव्हतं तर विमान तयार कसं झालं?"



४

राखी शेडच्या ऑफिसात बसली होती, दारात महिला शिपाई. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, रडून डोळे सुजलेले. पण आवाज खणखणीत.

"माह्या गावात रेंज नाही मॅडम, म्हनून फोन बंद. घट उठवायचे होते घरी. पळून काऊन जाईन मी? पुढच्या महिन्यात माही लायसनची परीक्षा हाये. पोलीस केस झाली तं मले जन्मात कोनी विमानाले हात लावू देनार नाही."

"नवमीला काय झालं?"

"शेपटीच्या जोडाचं काम करून राह्यली होती. चार नट. दोन आवळले, पिना घातल्या. तेवढ्यात हत्यारं पूजेले मागतली काकांनी. मी नेऊन ठेवली. पूजा झाली तं अंधारून आलं. मी झाकण उघडंच ठेवलं, लाल पट्टी बांधली अन् साहेबाले म्हटलं, उरलेलं सकाळी. साहेब भडकले."

मॅनेजर दीपक देशमुख बाहेरच फेऱ्या मारत होते. पुण्यात शिकून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तो शर्ट आज घामानं भिजला होता.

"मी काय वाईट सांगितलं? चिखलीभर बॅनर लागले होते. सकाळीच पाहुणे येणार होते. दोन नटांसाठी सगळं रद्द करू? मी म्हणालो, पूजेमुळे अडत असेल तर नारळ फोडून हत्यारं उचला. त्यावर ही म्हणते, 'पूजेचं मले काही नाही. तुम्ही म्हणत असाल तं आत्ता उचलते, देव कोपत नाही. पण उजेड गेला. घाईत शेपटीले हात लावनार नाही.' आणि मग ते 'उडवा मग' म्हणून निघून गेली."

"सकाळी विमान तयार कसं झालं?"

"काका म्हणाले, ठीक आहे. मी समजलो, जाता जाता हिनंच केलं असेल."

"काकांना तुम्ही फोन केला होता?"

"केले दोन-चार. झालं का, एवढंच विचारत होतो." दीपकनं घाम पुसला. "ते काही गुन्हा आहे का?"

धम्मशीला पुन्हा वावरात गेली, शेपटीत टॉर्च मारला आणि चारही नट एकेक करून पाहिले. चारही घट्ट. चारहींत पिना घातलेल्या, टोकं नीट वाकवलेली. जीव घ्यायला आलेला माणूस आधी दोन नट इतक्या मायेनं आवळून, पिना घालून जात नाही. हा पाना वैऱ्याचा नव्हता. या विमानावर जीव असलेल्या कुणाचा तरी होता.

५

परत आल्यावर तिनं पाना टेबलावर ठेवला आणि नखानं खरवडला. जुनं, घट्ट झालेलं ग्रीस निघालं. खाचांमध्ये तर साल-दोन साल जुनं असेल. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख झालं.

नवमीला या जिल्ह्यात कोण हत्यार धुवत नाही? सुतार धुतो, न्हावी धुतो, मोटारसायकलवाला डिकीतला पाना काढून पुसतो. धुवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं. चहाच्या मशीनला हार घालणाऱ्या लोकांत बिनधुतलेला पाना आला कुठून?

ती बाहेर आली आणि धावपट्टीच्या कडेनं चालत सुटली. जीपला हार. टाकीला हार. फाटकाला हार. शेडच्या मागच्या पत्र्याखाली विमान ओढायचा ट्रॅक्टर उभा होता. बोनेटवर धूळ, चाकांना जुना चिखल. ना हार, ना कुंकू.

ट्रॅक्टरशेजारी त्याचा मालक गोविंदा बसला होता, डोकं नुकतंच भादरलेलं. आजच कामावर आला होता.

"ट्रॅक्टरची पूजा नाही केली का भाऊ?"

"सुतक हाये ना मॅडम आमच्या घरी," गोविंदा म्हणाला. "चुलते वारले सातव्या माळेले. यंदा काहीच पुजलं नाही. तवापासून मी इकडं फिरकलो बी नाही. दसऱ्याले विमान पोरांनी हातानंच ढकललं म्हनते."

"तुमची हत्यारं?"

"शीटखाली पेटी हाये. कुलूप नाही तिले. इथं कोन चोरनार?"

"उघडू नका," धम्मशीला घाईनं म्हणाली. "कुणीही हात लावू नका. ठाणेदारांना बोलवा. आणि काकांना."

६

सगळे ट्रॅक्टरभोवती जमले. दीपक, राखी, ठाणेदार, गोविंदा. काका सगळ्यात शेवटी आले, टॉवेलला हात पुसत. धम्मशीलानं पाना पाठीमागे धरला होता.

"हा पाना न पुजलेल्या घरचा आहे," तिनं सांगितलं. "इथं न पुजलेलं एकच घर आहे, ही पेटी. आता प्रश्न असा की नट आवळायला कोणी इथं यावं कशाला? शेडमध्ये चांगली, नंबराची हत्यारं पाटावर होती. राखीला ती उचलायला काही वाटत नव्हतं, हे खुद्द साहेबांनीच सांगितलं. साहेब तर नारळ फोडून उचला म्हणत होते. या दोघांपैकी कोणी काम केलं असतं तर पाटावरचाच पाना घेतला असता. पूजेतली वस्तू उचलणं ज्याच्या हातून होणारच नाही, तोच माणूस पत्र्याखालच्या ट्रॅक्टरपर्यंत येईल."

राखीनं हळूहळू मान वळवून काकांकडे पाहिलं.

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "हाव," ते म्हणाले. "नट म्या आवळले. गोविंदाचा पाना घेतला. आजवर पूजेतलं हत्यार उचललं नाही, अन् बिननंबरी हत्यार विमानात नेलं नाही. एक पाळाले गेलो, दुसरं मोडलं. त्याची लाज वाटली म्हनून बोललो नाही. पन मॅडम, तो पाना म्या परत ठेवला. ह्याच पेटीत. म्हनूनच तं म्या शपथ घेतली. शेपटीतला पाना माह्या हातचा नाही."

"तुम्हाला ठेवल्याचं आठवतं?"

"अहो, टन् आवाज आला होता. कानात हाये माह्या."

"मग काढून दाखवा, काका."

काका अगदी निर्धास्तपणे पुढे झाले. शीट उचललं, पेटी उघडली, न बघताच हात घातला, चाळीस वर्षांच्या सवयीनं. हात आत फिरला. मग थांबला. मग पुन्हा फिरला, या वेळी घाईनं. त्यांनी पेटीच उचलून जमिनीवर पालथी केली. पेचकस पडला, हातोडी पडली, दोन पाने पडले.

"माहा बारा-तेरा नंबरचा पाना कुठं गेला?" गोविंदा म्हणाला.

धम्मशीलानं पाठीमागचा हात पुढे केला. गोविंदानं पाना ओळखला.

काका खाली बसले. "आवाज आला होता," ते पुन्हा म्हणाले, पण आता कुणाला सांगत असल्यासारखे नाही. "म्या ठेवला. म्या ठेवला ना बापा."

या धंद्यात असा क्षण आला की धम्मशीलाला जिंकल्यासारखं वाटायचं. आज वाटलं नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता. रोज संध्याकाळी हत्यार जागेवर ठेवणाऱ्या माणसाच्या मनानं, न ठेवलेला एक पाना आपणहून जागेवर ठेवून टाकला होता, आवाजासकट. आणि सकाळी भरलेला फळा बघून खात्रीच पटली होती. ज्या फळ्यानं हजार चुका अडवल्या, त्याला या पान्याची ओळखच नव्हती. माणसाच्या डोक्यात काय काय होतं, या विचारानं ती थक्क झाली.

"काका, तुम्ही शेपटीत असताना काय झालं?" तिनं त्यांच्यासमोर उकिडवं बसून विचारलं.

"फोन वाजत होता. साहेबाचा. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा पाना आतल्या पट्टीवर ठेवला अन् बाहेर येऊन म्हटलं, झालंच आता. मंग..." काकांनी डोळे मिटले. "मंग टॉर्च मारला, नट पाह्यले. नटच पाह्यले. अन् झाकण लावलं."

"म्हणजे शेवटी चूक काकांचीच," दीपक पटकन म्हणाला.

धम्मशीला उठली. "पाना ते विसरले, साहेब, ते मी लिहीन. अंधारात तिसरा फोन कोणाचा होता, तेही त्याच पानावर लिहीन. आणि ज्या एका मुलीनं सकाळपर्यंत थांबा म्हटलं, तिला आपण आज तुरुंगात घालायला निघालो होतो, तेही."

ठाणेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि महिला शिपायाला जायची खूण केली.

७

राखी काकांच्या जवळ जाऊन उभी राहिली. "मले काऊन नाही बलावलं काका? मी सकाळी पहिल्या गाडीनं आली असती."

"दोनच नट होते बाई," काका म्हणाले. "दोनच."

मग त्यांनी खिशातून आपलं लायसन काढून धम्मशीलाच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं. घ्यावंच लागतं.

एवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि गळ्यात हात बांधलेली योगिनी उतरली. दवाखान्यात कुणाचंही न ऐकता आली होती. वाटेतच तिला फोनवर सगळं कळलेलं. काकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. योगिनी त्यांच्यासमोर मातीत बसली.

"काका, इकडे बघा. मी रागावलेय. पुष्कळ रागावलेय, ते नंतर भांडू. पण एक ऐका. दांडा अडकला तेव्हा मी पाय रोवून तीन हिसडे मारले. सगळा जोर त्या जोडावर आला. तुमचे नट सैल असते, एक पिन जरी विसरली असती, तर जोड सुटला असता आणि आम्ही सरळ जमिनीत गेलो असतो. जोड हलला नाही." तिचा आवाज फाटला. "ज्या हातानं पाना राहिला, त्याच हातानं आम्हाला धरून ठेवलं. मला कळत नाही मी काय म्हणू."

काका ढसाढसा रडले. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना तिथं कुणी पाहिलं नव्हतं. धम्मशीलानं तोंड फिरवलं. दोन नट आणि एक पाना, एकाच संध्याकाळचे, एकाच हातचे. हे अहवालात कसं मांडायचं, हे तिला त्या क्षणी खरंच सुचत नव्हतं.

उन्हं कलायला लागली तशी शेड बंद करायची वेळ झाली. रोज फळा काका मोजायचे. आज ते दारातच थांबले.

"तू मोज, बाई," ते राखीला म्हणाले.

राखीनं बोट लावून एकेक हत्यार मोजलं. फळा भरलेला होता. ती किल्ली घेऊन दाराशी आली, पण कुलूप लावलं नाही. मागं वळून तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मॅनेजरकडेही.

"बाहेरून कोनी काही आनलं होतं का आत?"

कुणी हसलं नाही. गोविंदानं खिसे चाचपले. योगिनीनं डाव्या हातानं आपली झोळी तपासली. दीपकनं फोन काढून दाखवला आणि परत ठेवला. धम्मशीलानंही पर्स उघडली आणि आतली एकेक वस्तू बघायला लागली.